स्लोमध्ये बंद पडणारी जुनी मोटारसायकल

दूधवाला, फेरीवाला, कापडाचे गठ्ठे पोहोचवणारा, नळदुरुस्ती करणारा, सुतार, अशा कितीतरी लोकांचा धंदा आजही दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटारसायकलवर चालतो. गाडी पळते चांगली, पण सिग्नलला उभी राहिली, क्लच दाबला, रेस सोडली की बंद पडते. मग भर रस्त्यात किक मारत बसावे लागते आणि मागचे हॉर्न ऐकावे लागतात. गाडीवाला गॅरेजमध्ये येतो. मिस्त्री स्क्रू पिळून रेस वाढवून देतो. चार दिवसांनी तोच माणूस पुन्हा दारात उभा. तिसऱ्या फेरीला त्याला सांगितले जाते, "कार्बोरेटर गेला, नवा टाका." बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

आपल्या वाचकांत दुचाकी दुरुस्ती करणारे कारागीर पुष्कळ आहेत आणि अशा गाड्या वापरणारे व्यापारी त्याहून अधिक. हा लेख दोघांसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनच्या येऊ लागल्या. त्यामुळे गॅरेजमध्ये नव्याने शिकायला येणारा मुलगा स्कॅनर लावायला लवकर शिकतो, पण कार्बोरेटर उघडायचा म्हटले की बिचकतो. रस्त्यावर मात्र स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, आरएक्स हंड्रेड आणि जुन्या बुलेट अजून धावत आहेत. त्यांचे काम नीट करणारा हात येत्या काही वर्षांत दुर्मिळ होणार आहे. म्हणून हे काम मन लावून शिकण्यात धंद्याचाही फायदा आहे.

स्लोमध्ये इंजिनाला पेट्रोल कसे मिळते हे आधी समजून घेऊ. एकदा ते ध्यानात आले की अर्धे दोष आपोआप उमगतात. रेस पूर्ण सोडली की कार्बोरेटरमधली स्लाइड जवळजवळ तळाला टेकते. तिच्याखालून हवेला जायला अगदी अरुंद फट राहते. अशा वेळी मेन जेट आणि लांब सुई यांचा उपयोग जवळपास शून्य असतो. इंजिनाला लागणारे थोडेसे पेट्रोल एका वेगळ्या बारीक वाटेने येते. त्या वाटेच्या तोंडाशी स्लो जेट असतो, ज्याला पायलट जेटही म्हणतात. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. जेटमधून वर आलेल्या पेट्रोलात थोडी हवा मिसळते आणि ते मिश्रण स्लाइडच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, एका सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडते. मेन जेटमध्ये थोडा कचरा गेला तर गाडी कशीबशी पळत राहते. स्लो जेटमध्ये धुळीचा एक कण अडकला की मात्र स्लो गेली.

आता रेसचा स्क्रू पिळल्यावर काय होते ते पाहा. तो स्क्रू स्लाइडला थोडी वर उचलून धरतो, त्यापलीकडे काही करत नाही. स्लाइड वर गेली की सुईच्या वाटेने पेट्रोल येऊ लागते आणि इंजिन चालू राहते. पण बंद पडलेली वाट बंदच राहते. रेस चढलेली, पेट्रोलचा खर्च वाढलेला, गिअर टाकताना खडाक असा आवाज, आणि गाडी तापली की पुन्हा तीच रड. म्हणून कोणत्याही गाडीचा रेसचा स्क्रू नेहमीपेक्षा फार आत गेलेला दिसला, तर समजावे की आधीच्या मिस्त्रीने रोग दाबून ठेवला आहे.

कार्बोरेटर खोलण्यापूर्वी

कार्बोरेटरला हात लावायच्या आधी दहा मिनिटे बाकीच्या गोष्टींना द्यावीत. पुष्कळदा दोष कार्बोरेटरच्या बाहेरच सापडतो. प्लग काढून पाहावा. काळा आणि काजळीने कोरडा माखलेला प्लग जादा पेट्रोल सांगतो. पांढराफटक प्लग जादा हवा सांगतो. (१ फेब्रुवारी २००० पासून आपल्याकडे सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या उस्तादांनी शिकवलेला प्लगचा चॉकलेटी रंग आता तेवढा गडद दिसत नाही. फिका तपकिरी दिसला तरी ठीक मानावा.) एअर फिल्टर धुळीने गच्च भरला असेल तर मिश्रण जाड होणारच. फोमचा असेल तर धुऊन, तेल लावून, पिळून बसवावा. कागदी असेल तर बदलावा. तो धुतला की कामातून गेला.

टॅपेट विसरले जातात. चार स्ट्रोक इंजिनात टॅपेट घट्ट असतील तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि गाडी थंड असताना ठीक, तापली की स्लोला बंद, असा खेळ सुरू होतो. टॅपेट नेहमी थंड इंजिनावर, फीलर गेज घालून, त्या मॉडेलच्या मापाने लावावेत. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला गेजची गरज नाही. पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. त्याच बुलेटला पॉइंट असतील तर त्यांतले अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे. जळालेले पॉइंट घासून आणखी महिनाभर चालवण्यापेक्षा बदललेले बरे.

मग केबल. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवावे. रेस आपोआप वाढली तर केबल ओढली जात आहे, कार्बोरेटर निर्दोष. रेसच्या मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळा खेळ असलाच पाहिजे.

हवा कुठून घेते?

गाडी स्लोला टिकत नाही, चोक थोडा ओढला तर टिकते, आणि रेस सोडल्यावर ती लगेच खाली न येता वरच लटकून राहते. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर जेटच्याही आधी एअर गळतीचा संशय घ्यावा. कार्बोरेटर आणि इंजिनाचे हेड यांच्या मध्ये जो जोड असतो त्यातून इंजिन चोरून हवा ओढत असते. स्प्लेंडरच्या जातीच्या गाड्यांत तिथे इन्सुलेटर आणि ओ-रिंग असते. ओ-रिंग उष्णतेने चपटी आणि कडक होते. आरएक्स हंड्रेडला रबरी जोड असतो. तो वरून धड दिसतो, पण दाबून वाकवला की आतल्या भेगा उघड्या पडतात.

ही गळती शोधायला काही जण गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारतात. हे करू नये. प्लगच्या टोपीतून एक ठिणगी बाहेर आली तरी गाडीही जाईल आणि हातही भाजेल. साबणाचे पाणी एका बाटलीत घेऊन चालू इंजिनाच्या जोडावर थोडे थोडे सोडावे. भेग असेल तर पाणी आत ओढले जाते आणि रेसचा आवाज क्षणभर बदलतो. तेवढा पुरावा पुरे.

ओ-रिंग किंवा पॅकिंग बदलूनही गळती राहिली तर कार्बोरेटरची फ्लँज वाकलेली असण्याची शक्यता फार. ही बहुधा आपल्याच भाईबंदांची करणी असते. गळती थांबत नाही म्हणून नट आणखी आवळले जातात आणि मऊ धातूची फ्लँज दोन्ही कानांना पुढे वाकते, मध्ये फट पडते. उपाय सोपा आहे. जाड काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज गोल गोल फिरवत घासावी, सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत. मग नवी ओ-रिंग घालून दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत.

दोन स्ट्रोकच्या गाडीत आणखी एक जागा असते. मॅग्नेटच्या बाजूचा क्रँकचा ऑइल सील गेला तर तिथून हवा शिरते आणि रेस आपोआप चढते. कार्बोरेटर कितीही धुवा, फरक पडत नाही. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरचे ऑइल आत ओढले जाते आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. आरएक्स हंड्रेडचे उत्पादन १९९६ मध्येच बंद झाले. आज हाती येणारी प्रत्येक आरएक्स हंड्रेड पंचवीस वर्षांहून जुनी आहे. ज्या गाडीचे सील कधी बदलले याचा पत्ता नाही, तिच्यात हा संशय पहिल्या दिवशीच घ्यावा.

सफाई

इतके सगळे पाहूनही दोष राहिला तर कार्बोरेटर उतरवावा. इंजिन थंड, पेट्रोलचा कॉक बंद, खाली पत्र्याचा ट्रे, जवळपास बिडी नाही, वेल्डिंग नाही, आणि हाताशी वाळूची बादली. छोट्या गॅरेजमध्ये जागा कमी असते हे खरे, पण आगीच्या घटना अशाच अडचणीच्या जागी होतात.

पहिल्यांदा हवेचा स्क्रू हलक्या हाताने आत पिळत किती फेरे आत जातो ते मोजावे आणि लिहून ठेवावे. हा आकडा गाडीची जुनी कहाणी सांगतो. मग खालची कटोरी काढावी. कटोरीच्या तळाला तांबूस गाळ म्हणजे टाकीचा गंज, पाण्याचे थेंब म्हणजे पेट्रोलात पाणी, हिरवट-पिवळा चिकट थर म्हणजे गाडी महिनोन् महिने उभी होती. गाळ टाकीतून येत असेल तर टाकी आणि कॉकची जाळी साफ केल्याशिवाय कार्बोरेटर धुण्यात अर्थ नाही. आठवड्यात तो पुन्हा भरेल.

जेट पितळेचे असतात, पितळ मऊ. खाचेत बरोबर बसणारा पेचकसच वापरावा. आडमाप पेचकसाने खाच गेली की जेट काढताना कार्बोरेटरच फेकायची पाळी येते. काही लहान कार्बोरेटरांत स्लो जेट दाबून बसवलेला असतो, तो निघतच नाही. त्याला ओढू नये, जागेवरच साफ करावा. जेट उजेडाकडे धरून पाहावा. स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. अंधूक किंवा वाकडा दिसला तर तो तुंबलेला आहे.

सुई, सेफ्टी पिन, ब्रेकच्या केबलची पोलादी तार, यातले काहीही जेटमध्ये घालू नये. भोक एका केसाने मोठे झाले तरी मिश्रण बदलते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आधी कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवावा, मग वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा हलकेच फिरवावा, शेवटी कॉम्प्रेसरची हवा मारावी. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा. एका भोकातून मारलेली हवा दुसऱ्याच भोकातून क्लीनरसकट तोंडावर येते. रबरी वायसर, ओ-रिंग आणि फ्लोट हे क्लीनरमध्ये घालू नयेत. स्लाइडच्या पुढचे ते सूक्ष्म छिद्र, ज्यातून स्लोचे मिश्रण बाहेर पडते, तेच बहुतेक जण विसरतात. हवेचा स्क्रू काढून त्याच्या भोकातून क्लीनर सोडावा आणि त्या छिद्रातून बारीक धार निघते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. धार निघाली तरच सफाई झाली असे समजावे.

आता उलटा दोष. गाडी स्लोला डगमगत, धूर सोडत बंद पडते, पेट्रोलचा वास येतो, प्लग काळा होतो. इथे पेट्रोल जादा येत आहे. फ्लोट गरम पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले तर तो फुटका. जुन्या पितळी फ्लोटला डाग देता येतो, पण डागाच्या वजनाने फ्लोट जड होतो आणि पेट्रोलची पातळी वर चढते, म्हणून डाग कमीत कमी द्यावा. फ्लोटच्या सुईचे टोक भिंगाखाली पाहावे. त्यावर गोल चरा पडला असेल तर ती बदलावी. बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून हलकी फुंकर मारावी. हवा गेली तर सुई अजून गळते. मिक्कार्बच्या व्हीएम जातीच्या कार्बोरेटरांत, म्हणजे बुलेट ३५० च्या व्हीएम २४ मध्येही, चोक हा एक दट्ट्या असतो आणि त्याच्या बुडाला रबर असते. ते रबर झिजले की चोक बंद असूनही थोडा उघडाच राहतो. दोन-दोनदा सफाई करूनही गाडी जाड चालते तेव्हा हे रबर पाहावे.

हवेचा स्क्रू कोणत्या बाजूला?

सेटिंगमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. कार्बोरेटरच्या अंगावर दोन स्क्रू दिसतात. एक रेसचा, दुसरा मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू स्लाइडच्या मागे, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा मोजतो. आत पिळला की हवा कमी, मिश्रण जाड. तोच स्क्रू स्लाइडच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित हवा मोजतो. आत पिळला की मिश्रण पातळ. एकाच गॅरेजमध्ये सकाळी एक जात येते आणि दुपारी दुसरी. हा फरक माहीत नसेल तर माणूस उलट्या दिशेने पिळत राहतो आणि गाडीला दोष देतो. व्हीएम जातीत तो हवेचा असतो.

सेटिंग गरम इंजिनावरच करावी. पाच-सात किलोमीटर गाडी फिरवून आणावी. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवावा (जोर लावला तर त्याचे टोक आणि त्याची बैठक दोन्ही जातात) आणि दीड फेरा बाहेर घ्यावा. रेसचा स्क्रू थोडा चढवून इंजिन चालू ठेवावे. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, दर वेळी दोन-चार सेकंद थांबून आवाज ऐकावा. एका जागी इंजिन सर्वांत मोकळे आणि जलद चालते. तिथे थांबावे. आता रेसचा स्क्रू सोडत रेस खाली आणावी आणि मिश्रण पुन्हा एकदा तपासावे. स्प्लेंडरच्या इंजिनाला मिनिटाला सुमारे १४०० फेरे हे योग्य स्लो आहे. जुनी बुलेट त्याहून खूप खाली चालते, आणि तिचा तो ठोकाच लोकांना आवडतो. पण फक्त आवाजासाठी स्लो इतकी उतरवू नये की ऑइलचा पंपही कुथू लागेल.

उत्तम जागा किती फेऱ्यांवर सापडली यातून पुढचे कळते. हवेचा स्क्रू अर्ध्या फेऱ्याच्या आत आल्यावरच गाडी नीट चालत असेल, तर तिला पेट्रोल कमी पडत आहे. जेट अजून तुंबलेला आहे, लहान आहे, किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. अडीच-तीन फेरे बाहेर काढूनही गाडी जाडच असेल तर जेट मोठा झालेला आहे, फ्लोटची पातळी चढलेली आहे किंवा चोक गळतो आहे. इंजिनाच्या बाजूच्या स्क्रूला हेच उलटे लावावे. बाजारात नंबर एक आणि भोक दुसरेच, असे नकली जेट भरपूर येतात, तेव्हा नवा जेट जुन्याशी उजेडात ताडून घ्यावा.

पेट्रोल बदलले, हेही विसरू नये. २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. एक किलो साधे पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. जुन्या कार्बोरेटरच्या जेटचे भोक साध्या पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले आहे. त्यामुळे या पेट्रोलावर मिश्रण किंचित पातळ पडते, आणि ते स्लोमध्ये आधी जाणवते. हवेचा स्क्रू पाव फेरा आत घेतल्यावर कित्येक गाड्या शांत होतात. इथेनॉल हवेतला दमट ओलावाही ओढते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कटोरीत तळाला पाणी साचते, कारण पाणी जमले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसते. जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगतात किंवा कडक होतात. गाडी दोन-तीन आठवडे उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कटोरीचा निचऱ्याचा स्क्रू सोडून ती रिकामी करावी.

पीयूसीचा संबंध इथेच येतो. दुचाकीची तपासणी इंजिन स्लोवर असतानाच होते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या, पण भारत स्टेज-४ च्या आधीच्या गाड्यांना ३.५ टक्के. स्लो जाड असेल तर गाडी तिथेच नापास होते. मशीनवरचा आकडा पाहत मिश्रणाचा स्क्रू लावणे ही सर्वांत पक्की सेटिंग. जवळच्या पीयूसीवाल्याशी ओळख ठेवणारा मिस्त्री हे सहज करू शकतो.

पैशांचे काय घ्यावे

या कामात सुटे भाग थोडे लागतात, वेळ जास्त जातो. एक ओ-रिंग, कटोरीचे पॅकिंग, क्लीनर, कधी जेट किंवा फ्लोटची सुई. म्हणून काही जण मजुरी मागायला संकोचतात आणि मग नव्या कार्बोरेटरवरच्या कमिशनात भरपाई शोधतात. हा हिशेब गैर आहे. दोन तासांच्या कसबाची मजुरी उघड सांगून घ्यावी. गाडी ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. काढलेला भाग त्याच्या हातात द्यावा, जेटमधला अंधार आणि कटोरीतला गाळ त्याला दाखवावा. डोळ्यांनी पाहिलेल्या कामाचे पैसे देताना माणूस कुरकुर करत नाही.

नवा कार्बोरेटर खरोखर लागतो तो एकाच बाबतीत. स्लाइड आणि तिचे घर दोन्ही झिजलेले असतात. स्लाइड बोटाने हलवली तर खुळखुळते, बाजूने हवा शिरते, आणि कोणत्याही सेटिंगवर स्लो स्थिर राहत नाही. तेव्हा मूळ कंपनीचाच घ्यावा, आणि तो कुठे मिळेल, किती किमतीला, हे आधी सांगून गिऱ्हाइकाचा होकार घ्यावा. बाकी प्रत्येक गाडीसाठी एका वहीत चार ओळी लिहून ठेवाव्यात: तारीख, जेटचा नंबर, मिश्रणाचा स्क्रू किती फेरे बाहेर, काय बदलले. तीच गाडी सहा महिन्यांनी पुन्हा आली की पहिल्या पाच मिनिटांत कळते की स्क्रू आपण ठेवला तिथेच आहे, की मध्ये कोणी पिळून गेला.